मुक्या सोबत्याची खाज : निदान, निगा आणि धीर

घरातील कुत्रा रात्री अंग खाजवू लागला की झोप मोडते ती साऱ्या घराची. मागच्या पायाचा फरशीवर पडणारा ठोका, गळपट्ट्याची किणकिण, पंजा चाटल्याचा एकसुरी आवाज, हे सारे दोन-तीन रात्री सहन केले जाते. मग कोणीतरी औषधाच्या दुकानातून गोळ्यांची एक पट्टी आणतो. चार दिवसांत खाज थांबते आणि गोळ्या संपल्यावर पंधरवड्याच्या आत पुन्हा सुरू होते. वर्षातून चार-पाच वेळा असे घडले, अंगाला वास येऊ लागला, केस झडून कातडी काळवंडली की घरातील वडीलधारे म्हणतात, ‘याला आता गोदामावर ठेवा.’ ज्या जिवाने घराला जीव लावला, त्याची रवानगी अशा रीतीने पोत्यांच्या आणि धुळीच्या सोबतीला होते. त्या धुळीत त्याची खाज बहुधा दुप्पट होते.

या शोकांतिकेत दुष्टावा कोणाचाच नसतो. उणीव असते ती माहितीची आणि क्रमाची. कुत्र्याची खाज हा एक रोग नसून ते अनेक रोगांचे एक लक्षण आहे. कारण शोधण्यापूर्वी लक्षण दाबले, तर जमाखर्च न तपासता तूट झाकण्यासाठी नवे कर्ज काढल्यासारखे होते. तूट दिसेनाशी होते, पण वाढत राहते.

अ‍ॅलर्जी म्हणजे काय?

‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली प्रथम वापरला. शरीराचे संरक्षक दल एखाद्या निरुपद्रवी पदार्थाला शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडते, ही त्यामागील मूळ कल्पना. जनावरांनाही असा विकार आपोआप जडू शकतो, याची नोंद १९४१ साली अमेरिकेतील डॉक्टर विटिच यांनी एका कुत्र्याच्या संदर्भात केली. त्या कुत्र्याला रॅगवीड नावाच्या तणाच्या परागांचा त्रास होत होता.

माणूस आणि कुत्रा यांच्यात येथे एक मोठा फरक आहे. धुळीची किंवा परागांची अ‍ॅलर्जी असलेला माणूस बहुधा शिंकतो, त्याचे नाक वाहते, दम लागतो. कुत्र्याचा तोच विकार मुख्यतः त्वचेतून प्रकट होतो. त्याच्या त्वचेचा वरचा थर माणसाच्या तुलनेने पातळ असतो. केसांचे आवरण जाड असले, तरी त्याखालची भिंत नाजूक असते. अ‍ॅलर्जीच्या कुत्र्यांत ही भिंत आणखी सच्छिद्र झालेली असते, म्हणून धुळीतील व हवेतील सूक्ष्म कण आत शिरतात, खाज सुटते, खाजवल्याने भिंत आणखी फुटते आणि फुटलेल्या भिंतीतून जंतूंना वाट मिळते. हे दुष्टचक्र एकदा फिरू लागले की ते आपले आपण थांबत नाही.

व्यापारी घरांना सहज उमगेल अशी आणखी एक गोष्ट पशुवैद्य सांगतात. प्रत्येक कुत्र्याची खाज सोसण्याची एक मर्यादा असते, जशी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या उधारीची असते. थोडी धूळ, थोडे पराग, चार पिसवा, किंचित जंतुसंसर्ग यांपैकी प्रत्येक रक्कम लहान असते. बेरीज मर्यादेच्या आत असेपर्यंत कुत्रा स्वस्थ दिसतो. ती ओलांडताच तो खाजवू लागतो. याचा व्यवहारातील अर्थ फार आशादायक आहे. हवेतील धूळ शून्यावर आणणे कोणालाच शक्य नसते, परंतु पिसवा आणि जंतुसंसर्ग या दोन रकमा फेडल्या, तरी उरलेली धूळ तो कुत्रा पुष्कळदा निमूटपणे सोसतो.

पहिले खाते : पिसवा, गोचीड आणि लूत

कोणताही अनुभवी पशुवैद्य अ‍ॅलर्जीचा विचार करण्याआधी परोपजीवी किडे तपासतो. खाज कंबरेवर, शेपटीच्या बुडाशी व मांड्यांच्या मागे अधिक असेल, तर पहिला संशय पिसवांवर घ्यावा. पिसू चावताना तिची लाळ त्वचेत उतरते आणि ज्या कुत्र्याला त्या लाळेचीच अ‍ॅलर्जी असते, त्याला मोजक्या दंशांनीही अनेक दिवस खाज येऊ शकते. म्हणून ‘अंगावर एकही पिसू दिसली नाही’ हा पुरावा पुरेसा नसतो. बारीक दातांच्या कंगव्याने केस विंचरून निघालेला काळा भुगा ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवावा. त्याभोवती तांबूस डाग उमटला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजेच पचलेले रक्त, असे समजावे.

अंगावर दिसणाऱ्या पिसवा हा एकूण वस्तीचा अगदी छोटा भाग असतो. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नासपर्यंत अंडी घालू शकते. ती अंडी अंगावरून घरंगळून गाद्या, सतरंज्या, सोफ्याच्या फटी आणि जिन्याखालचा अंधार यांत पडतात. उबदार, दमट हवेत दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. कोशातील पिसू मात्र अनुकूल वेळेची वाट पाहत महिनोन्महिने टिकू शकते. यामुळेच एकदा औषध लावून महिन्याभराने ‘गुण आला नाही’ अशी तक्रार होते. गोचिडांचेही तसेच आहे. त्यांची मादी भिंतींच्या भेगांत हजारो अंडी घालते. शिवाय गोचिडांमुळे केवळ खाज येत नाही, तर एर्लिकिया व बबेसिया यांसारख्या रक्ताच्या जीवघेण्या रोगांचा प्रसारही होतो.

येथे या मासिकाच्या वाचकांपुढे एक खरा प्रश्न उभा राहतो. पिसवा व गोचीड हेही जीवच आहेत, तेव्हा एका जिवाला वाचवण्यासाठी इतरांना मारायचे काय? अनेक घरांत हा पेच बोलून दाखवला जात नाही, पण औषध टाळले जाते ते याच कारणाने. याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या श्रद्धेनुसार आणि वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याने ठरवायचे आहे. तथापि दोन वस्तुस्थिती ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की, जेथे उत्पत्तीच होऊ दिली जात नाही, तेथे हिंसेचा प्रसंग कमी येतो. धान्य, पाणी आणि केरवारा यांत पाळली जाते तीच जयणा कुत्र्याच्या अंथरुणाला लावावी. रोज कंगवा फिरवणे, फरशीच्या व भिंतीच्या भेगा बुजवणे, अडगळ न साठवणे, कोपऱ्यांतून आणि सोफ्याखालून नित्य झाडणे, अंथरूण आठवड्याला धुणे, हे सारे पिसवा होण्याआधी करायचे आहे. पिसवांची अंडी पुढे वाढू न देणारी काही औषधेही पशुवैद्याकडे असतात. दुसरी वस्तुस्थिती अशी की, पिसवा अंगावर आधीच असतील आणि कुत्र्याला त्यांचीच अ‍ॅलर्जी असेल, तर केवळ उत्पत्ती रोखणाऱ्या उपायांनी त्याचा त्रास लवकर थांबत नाही. गोचिडांमुळे ताप आलेला असेल, तर विलंब कुत्र्याच्या प्राणावर बेततो. प्रतिबंधाकडे वर्षभर लक्ष दिले, तर घरावर हा कठीण निर्णय घेण्याची वेळ क्वचित येते.

लूत हा या खात्यातील तिसरा विषय. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. सार्कोप्टिस नावाच्या सूक्ष्म किड्यामुळे होणारी लूत अतिशय खाजरी व संसर्गजन्य असते. कानांच्या कडा, कोपरे आणि घोटे यांवर ती आधी दिसते, आणि घरातील माणसांच्या अंगावरही तात्पुरते खाजरे पुरळ उठते. डेमोडेक्स किड्याची लूत मात्र बहुधा लहान पिलांत किंवा अशक्त कुत्र्यांत होते, ती इतरांना लागत नाही आणि आरंभी तिला खाजही बेताचीच असते. दोन्हींचे निदान त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली केले जाते. ही तपासणी साधी आणि तुलनेने स्वस्त असते, तरीही पुष्कळदा टाळली जाते. पेढीच्या ओट्याशी बसणाऱ्या, रोज पोळीचा तुकडा मिळणाऱ्या रस्त्यावरच्या कुत्र्याला लूत झाली, तर तिच्यावर आज चांगले उपचार आहेत. पांजरापोळ किंवा प्राणिरुग्णालयाशी संपर्क साधावा. केसहीन झालेल्या कुत्र्यांना काही महिन्यांत पुन्हा दाट केस येतात.

दुसरे खाते : जंतू आणि बुरशी

खाजवून सोललेल्या त्वचेवर स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू आणि मॅलासेझिया नावाची यीस्ट वाढते. दोन्ही निरोगी त्वचेवरही अल्प प्रमाणात असतातच. भिंत फुटल्यावर मात्र त्यांचे फावते. लाल पुटकुळ्या, पिवळट खपल्या, गोल गोल केस गळालेले चट्टे ही जंतूंची खूण. तेलकट कातडी, कुजकट आंबूस वास, कानात तपकिरी मळ, बोटांमध्ये तांबूस ओलसरपणा ही यीस्टची खूण. ‘कुत्र्याचा वास’ म्हणून जे सहन केले जाते, ते अनेकदा असे उपचारक्षम दुखणे असते.

येथे स्नानाचे महत्त्व मोठे आहे, पण ते योग्य स्नान असावे. माणसाच्या त्वचेची आम्लता आणि कुत्र्याच्या त्वचेची आम्लता सारखी नसते, म्हणून घरातील साबण वा शाम्पू त्याला वापरू नये. पशुवैद्य सुचवतील तो क्लोरहेक्सिडीनयुक्त औषधी शाम्पू कोमट पाण्याने ओल्या केलेल्या अंगावर लावून सुमारे १० मिनिटे तसाच राहू द्यावा. लावला आणि लगेच धुतला, तर औषधाचा पैसा मोरीत जातो. कढत पाण्याने खाज वाढते. अ‍ॅलर्जीच्या कुत्र्याला सामान्यतः आठवड्यातून एकदा असे स्नान घालतात. नंतर काखा, जांघा, कानांची मुळे आणि बोटांमधील जागा कोरडी करणे हे स्नानाइतकेच आवश्यक असते. पावसाळ्यात फिरून आल्यावर चारही पंजे स्वच्छ पाण्याने पुसून कोरडे करण्याची सवय लावली, तर यीस्टला आमंत्रण मिळत नाही आणि पंजांना चिकटलेले परागही धुतले जातात.

तिसरे खाते : दूध-पोळी

शाकाहारी घरांत कुत्र्याचे अन्न म्हणजे दूध-पोळी, आणि लाडाचे म्हणून बिस्किटे, पनीर, पेढ्याचा तुकडा. हे अन्न प्रेमाने घातले जाते, त्याच्या शुद्धतेविषयी शंका नसते. म्हणूनच खाज त्यातून येत असेल, असा विचार मनाला शिवत नाही. म्यूलर, ऑलिव्ह्री आणि प्रेलो या तीन पशु-त्वचारोगतज्ज्ञांनी २०१६ साली अन्नाची अ‍ॅलर्जी सिद्ध झालेल्या २९७ कुत्र्यांच्या प्रकाशित नोंदी एकत्र केल्या. त्यांत गोमांस ३४ टक्के, दुग्धजन्य पदार्थ १७ टक्के, कोंबडी १५ टक्के आणि गहू १३ टक्के कुत्र्यांना बाधत होता. हे प्रमाण सर्व कुत्र्यांचे नव्हे, केवळ अन्नाची अ‍ॅलर्जी ठरलेल्यांचे आहे. परंतु त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. मांस वर्ज्य असलेल्या घरातही यादीतील चार प्रमुख संशयितांपैकी दोन, दूध आणि गहू, रोज ताटलीत असतात. बिस्किटात तर पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात.

अन्नाची अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याची खाज ऋतूनुसार न बदलता वर्षभर राहते. कान वारंवार बिघडतात, काहींना पातळ शौचाचा किंवा दिवसातून अनेकदा शौचाला जाण्याचा त्रासही असतो. हे ओळखण्यासाठी रक्ताच्या, लाळेच्या किंवा केसांच्या चाचण्या विकल्या जातात, पण त्यांवर विसंबता येत नाही. खात्रीचा मार्ग एकच, आणि तो म्हणजे आहार-परीक्षा. कुत्र्याने पूर्वी कधीच न खाल्लेल्या घटकांचे, किंवा ज्यातील प्रथिने अतिसूक्ष्म तुकड्यांत मोडलेली आहेत असे, अन्न किमान ८ आठवडे द्यायचे. या कालावधीत नव्वद टक्क्यांहून अधिक अन्न-अ‍ॅलर्जीच्या कुत्र्यांना उतार पडतो, असे आढळले आहे. त्यानंतर जुने अन्न मुद्दाम पुन्हा सुरू करायचे. खाज परतली, तरच निदान पक्के झाले.

मोडलेल्या प्रथिनांचे, सोयाबीनवर आधारित तयार खाद्य मिळते, तथापि त्यातील काहींत प्राणिज घटकही मिसळलेले असतात. म्हणून पाकिटावरील घटक काळजीपूर्वक वाचावेत व पशुवैद्याला घराचे नियम आधीच स्पष्ट सांगावेत. घरीच अन्न शिजवायचे असेल, तर कोणती डाळ वा कडधान्य, कोणते धान्य आणि किती, हे त्यांच्याकडून लिहून घ्यावे. कुत्रा शाकाहारी अन्नावर राहू शकतो, पण ते अन्न त्याच्या गरजा मोजून बेतलेले असले पाहिजे. नुसता वरण-भात कायमचा घातला, तर प्रथिने, कॅल्शियम, ब-१२ जीवनसत्त्व यांची उणीव होऊन त्वचा आणखी बिघडते. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, बेदाणे आणि चॉकलेट हे पदार्थ कुत्र्याला विषारी आहेत, एवढे या निमित्ताने घरातील मुलांनाही सांगून ठेवावे.

आहार-परीक्षा फसते ती एकत्र कुटुंबात. सून नियम पाळते, तर आजोबा चहात बुडवलेले बिस्कीट हळूच देतात, नातवंडे खाऊ वाटून घेतात, दुकानातील नोकर कौतुकाने शेव टाकतात. एका तुकड्याने आठ आठवड्यांचे श्रम वाया जाऊ शकतात. औषधाच्या स्वादिष्ट चघळायच्या गोळ्यांतही प्राणिज प्रथिने असू शकतात, तेव्हा त्याविषयीही विचारावे. घरात सर्वांना दिसेल अशा जागी आरंभाची व समाप्तीची तारीख लिहून लावावी आणि घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीलाच या नियमाचे राखणदार करावे. तो मान मिळाला की बिस्किटाचा हातही आपोआप आखडतो.

चौथे खाते : धूळ, पराग आणि आयुष्यभराचा विकार

किडे नाहीत, जंतुसंसर्ग आटोक्यात आला, आहार-परीक्षाही झाली आणि तरीही खाज उरली, तर ती बहुधा अ‍ॅटोपी, म्हणजे वातावरणातील घटकांची आनुवंशिक प्रवृत्तीची अ‍ॅलर्जी असते. ती बहुधा वयाच्या सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत सुरू होते. पुढचे पंजे, तोंड, कानांच्या पाळ्या, काखा आणि पोट ही तिची ठिकाणे. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, पग, शिह त्झू अशा जातींत ती अधिक दिसते. घरातील धुळीतले सूक्ष्म किडे, बुरशीचे कण, गवतांचे व झाडांचे पराग ही तिची कारणे. माणसांच्या कातडीला त्रास देण्यासाठी कुप्रसिद्ध असलेल्या गाजरगवताच्या मोकळ्या जागेतून कुत्र्याला न फिरवणेच श्रेयस्कर.

अ‍ॅटोपी समूळ बरी होईल असे आश्वासन प्रामाणिक पशुवैद्य देत नाही. मधुमेह किंवा रक्तदाब यांसारखी ती सांभाळायची असते. सांभाळण्याची साधने मात्र आज चांगली आहेत. स्टिरॉइडच्या गोळ्या स्वस्त आणि शीघ्र गुणकारी असतात. अल्पकाळ, डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्या वापरण्यात गैर नाही. दीर्घकाळ घेतल्यास मात्र तहान, भूक व लघवी वाढते, स्नायू झडतात, संसर्ग बळावतो, मधुमेहाचा धोका संभवतो. बरेच दिवस चाललेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते. सायक्लोस्पोरिनचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. ऑक्लासिटिनिब हे औषध खाजेचा संदेशच अडवते व लवकर आराम देते, पण ते एक वर्षाखालील पिलांना देत नाहीत. लोकिव्हेटमॅब या इंजेक्शनचा परिणाम साधारण महिनाभर टिकतो. यांपैकी काय उपलब्ध आहे, काय परवडेल आणि काय योग्य ठरेल, हे पशुवैद्याशी मोकळेपणाने बोलून ठरवावे. खर्चाची मर्यादा आधीच सांगण्यात संकोच नसावा.

नेमक्या घटकांची चाचणी करून त्यांचीच अल्प मात्रा वाढवत नेणारी लसोपचार-पद्धतीही आहे. तिचा परिणाम पाहण्यासाठी सहा महिने ते वर्षभर थांबावे लागते. सर्वांना नाही, तरी निम्म्याहून अधिक कुत्र्यांना तिचा लक्षणीय लाभ होतो. ओमेगा-३ स्निग्धाम्लांनी त्वचेची भिंत सुधारण्यास मदत होते. त्यासाठी सामान्यतः माशांचे तेल सुचवले जाते. शाकाहारी घरांनी शैवालापासून काढलेल्या तेलाविषयी विचारावे. जवसाचे तेलही चालते, पण त्यातील घटकाचे उपयुक्त रूपांतर कुत्र्याच्या शरीरात अल्पच होते. परिणामासाठी दोन-तीन महिने धीर धरावा.

जे कटाक्षाने टाळावे

लुतीवर जळके इंजिन ऑइल किंवा रॉकेल चोपडण्याची रीत अजूनही आढळते. कुत्रा ते चाटतो, त्याची त्वचा भाजते आणि यकृत-मूत्रपिंडांना इजा होते. फिनाईल किंवा घरगुती जंतुनाशकाच्या पाण्याने आंघोळ घालू नये. माणसांचे खाजेचे मलम लावू नये, कारण लावलेले सारे शेवटी पोटातच जाते. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन सर्रास टोचले जाते, परंतु कॉली व तत्सम मेंढपाळ जातींच्या अनेक कुत्र्यांत जनुकीय दोषामुळे ते मेंदूत शिरून घातक ठरते. पिसवा-गोचिडांच्या काही नव्या गोळ्यांनी काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने २०१८ साली दिला. बहुतांश कुत्र्यांना त्या मानवतात. तरी पूर्वी झटका आला असल्यास तसे डॉक्टरांना अवश्य सांगावे. घरात मांजर असेल, तर कुत्र्याचे परमेथ्रिनयुक्त औषध तिच्यापासून दूर ठेवावे, कारण मांजरांना ते विषासमान आहे.

खाजेची वही

व्यापारी घराला हिशेब लिहिण्याची सवय असते. तीच येथे सर्वांत मोठा उपाय ठरते. एक साधी वही करावी. रोज रात्री शून्य ते दहा या प्रमाणात खाजेला अंक द्यावा. शून्य म्हणजे निरोगी कुत्रा खाजवतो तेवढे, दहा म्हणजे खाणे-झोपणे सोडून अखंड खाजवणे. शेजारी त्या दिवशीचे अन्न, स्नान, औषध, हवामान आणि घरातील विशेष घटना लिहावी, उदाहरणार्थ रंगकाम, नवी सतरंजी किंवा दिवाळीची साफसफाई. महिन्याला अंगाचे त्याच जागांचे छायाचित्र काढावे आणि औषधाचा खर्चही मांडावा. सहा महिन्यांनी ही वही पशुवैद्यापुढे ठेवली, तर ‘पावसाळ्यात वाढते’, ‘कान बिघडण्यापूर्वी पंजे चाटतो’, ‘औषध थांबवल्यावर दहाव्या दिवशी उलटते’ अशा गोष्टी आपोआप समोर येतात. आठवणीवर भिस्त ठेवणाऱ्याला त्या सांगता येत नाहीत. खर्चाच्या रकान्यातूनही एक शिकवण मिळते. वारंवारच्या गोळ्या, कानाचे थेंब आणि अपुरे उपचार यांची बेरीज केली की पहिल्याच वेळी नीट तपासणी करणे स्वस्त पडले असते, असे अनेकदा दिसते.

पुढील वेळी मात्र वही बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एका रात्रीत ओला, लाल, दुखरा चट्टा उमटला, तोंड किंवा पापण्या अचानक सुजल्या, श्वास जड झाला, कान दुखून कुत्रा मान एका बाजूला कलती ठेवू लागला, किंवा गोचिडांबरोबर ताप, अन्नावरची वासना उडणे, हिरड्या पांढुरक्या होणे अशी लक्षणे दिसली, तर थांबू नये. घरातील माणसांच्या अंगावर गोल चट्टे किंवा खाजरे पुरळ उठले, तर त्यांनीही आपल्या डॉक्टरांना कुत्र्याचे दुखणे सांगावे.

कुत्रा आणण्याचा विचार ज्या घरांत चालू आहे, त्यांनी हाच हिशेब आधी मांडावा. पिलाच्या आई-वडिलांची त्वचा कशी आहे, ते खाजवतात काय, हे विचारल्याशिवाय पसंती देऊ नये. घरात पंजे पुसायला, आठवड्याला अंघोळ घालायला आणि आठ आठवडे बिस्किटाचा मोह आवरायला माणसे आहेत काय, हेही एकमेकांना विचारावे. दहा-बारा वर्षांचा हा करार तोंडी असतो, दुसऱ्या बाजूला सही करता येत नाही. त्याच्या अटी पाळण्याची सारी जबाबदारी म्हणूनच पहिल्या बाजूवर येते.